पंच आखाड्यात उतरतो तेव्हा : श्रीलंका, १९८७

महिन्यातून एका रविवारी नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या एका अभ्यासिकेत आम्ही आठ-दहा जण जमतो. बहुतेक मुलं यूपीएससी-एमपीएससीची. मी त्यांच्यापेक्षा वयाने बराच मोठा, परीक्षा कधीच सोडून दिलेला, पण परराष्ट्र धोरणाचं वेड काही सुटलेलं नाही. दर वेळी एक प्रकरण घ्यायचं आणि तासलं जाईल तेवढं तासायचं, असा आमचा शिरस्ता. या वेळचा प्रश्न होता : शेजाऱ्याच्या घरात मारामारी चालू आहे, तर मध्ये पडायचं की आपली कडी लावून बसायचं?

दिंडोरीच्या एका मुलाने लगेच उत्तर दिलं. "सर, भावकीच्या भांडणात मध्ये पडलं की दोघांच्याही काठ्या मधल्याच्याच पाठीवर." सगळे हसले. मीही हसलो, पण मग त्याला विचारलं, "आणि त्या भांडणातली निम्मी भावकी तुझ्याच घरात येऊन राहिली तर?" तो गप्प झाला. श्रीलंकेचं प्रकरण नेमकं इथून सुरू होतं.

त्या दिवशी एक पाहुणेही होते. आमच्यातल्या एका मुलीचे थोरले काका, तोफखान्यातून हवालदार म्हणून निवृत्त झालेले, राहायला देवळाली कॅम्पात. देवळालीच्या तोफखाना शाळेमुळे नाशिककरांना लष्कर काही नवीन नाही. रेंजवर सराव सुरू असला की आवाज गावात पोचतो आणि कोणी मान वर करूनही बघत नाही. पण १९८७ साली उत्तर श्रीलंकेतल्या जाफन्यात असलेला माणूस समोर बसलाय आणि आपण त्याच्या तोंडासमोर 'हस्तक्षेपाचे फायदे-तोटे' सांगतोय, हे जरा अवघडच होतं. काका मात्र मजेत चहात पारले-जी बुडवत होते.

घरात शिरलेलं भांडण

जुलै १९८३ मध्ये जाफन्याजवळ लिट्टेच्या, म्हणजे स्वतंत्र तमिळ देशासाठी लढणाऱ्या 'तमिळ वाघां'च्या हल्ल्यात श्रीलंकेचे १३ सैनिक मारले गेले. त्यानंतर कोलंबोत आणि सिंहलीबहुल भागांत तमिळांची घरं-दुकानं जाळली गेली, माणसं मारली गेली. निर्वासितांचे लोंढे पाल्कची सामुद्रधुनी ओलांडून तमिळनाडूत आले. तेव्हा 'आपला काय संबंध' असं म्हणण्याची सोय दिल्लीला राहिली नव्हती. तमिळनाडूत तो प्रश्न परराष्ट्र धोरणाचा नव्हताच, तो घरचा होता.

दिल्लीने तेव्हा जे केलं ते आमच्या टेबलावर सगळ्यात जास्त चघळलं गेलं. एका हाताने वाटाघाटी : दिल्लीचे दूत जी. पार्थसारथी कोलंबोला ये-जा करत होते, १९८५ मध्ये थिंफूला बोलणी झाली. दुसऱ्या हाताने आपल्या गुप्तचर यंत्रणेमार्फत तमिळ गटांना शस्त्रं आणि प्रशिक्षण. हिशोब असा होता की गट आपल्या मुठीत राहतील, कोलंबोवर दाब राहील आणि स्वतंत्र तमिळ देशापर्यंत गोष्ट जाणार नाही. फुटीर राज्य भारताला नकोच होतं; ते तयार झालं असतं तर उद्या आपल्याच घरातल्यांनी तोच दाखला दिला असता.

माझं मत विचाराल तर या प्रकरणाचं सगळं दुखणं १९८७ च्या आधीच्या या चार वर्षांत आहे. सैन्य न पाठवता केलेला हस्तक्षेप स्वस्त वाटतो, म्हणून तो लवकर केला जातो आणि त्याचा हिशोब कोणी मागत नाही. आपण ज्यांना बंदूक धरायला शिकवलं त्यातला एक गट, लिट्टे, बाकीच्या गटांना एकेक करून संपवत गेला. १९८६ मध्ये त्याने टेलो गटाचा नेता आणि त्याचे कार्यकर्ते जाफन्यातच मारले. म्हणजे दिल्लीच्या मुठीत पाच-सहा दोऱ्या होत्या, त्यातल्या बाकीच्या तुटत गेल्या आणि जी उरली ती ओढली तरी हलत नव्हती.

मे-जून १९८७ मध्ये श्रीलंकेच्या सैन्याने जाफन्याजवळच्या वडमराच्ची भागात लिट्टेविरुद्ध मोठी मोहीम उघडली. भारताने मदत म्हणून रामेश्वरमहून मच्छीमार बोटींतून धान्य, औषधं पाठवली. श्रीलंकेच्या नौदलाने बोटी परत फिरवल्या. दुसऱ्या दिवशी, ४ जूनला, पाच एएन-३२ विमानांनी जाफन्यावर सुमारे २५ टन सामान टाकलं आणि सोबत मिराज-२००० लढाऊ विमानं होती. नाव 'ऑपरेशन पुमालै', तमिळमध्ये फुलांची माळ. दुसऱ्याच्या आकाशात विनापरवानगी घुसून घातलेली माळ. कोलंबोला निरोप कळला : यापुढे जाफना जिंकायचा तर भारताला विचारून.

सही कोणाची, जबाबदारी कोणाची

२९ जुलै १९८७ ला कोलंबोत राजीव गांधी आणि राष्ट्राध्यक्ष जे. आर. जयवर्धने यांनी करार केला. श्रीलंकेची एकता अबाधित, उत्तर आणि पूर्व प्रांत तात्पुरते एकत्र, पुढे पूर्वेत सार्वमत, प्रांतांना अधिकार, तमिळलाही राजभाषेचा दर्जा, ४८ तासांत लढाई बंद, त्यानंतर ७२ तासांत गटांनी शस्त्रं खाली ठेवायची. हे सगळं पार पडेल याची हमी भारताची. सोबतच्या पत्रांत भारताने आपलंही काम उरकून घेतलं होतं : त्रिंकोमाली बंदर भारताच्या हिताला बाधक ठरेल असं कोणत्याही परक्या लष्कराला द्यायचं नाही, तिथल्या तेलाच्या टाक्यांचं काम भारताबरोबर करायचं. ही पत्रं मी मुलांना मुद्दाम वाचायला सांगितली, कारण 'तमिळांच्या रक्षणासाठी गेलो' एवढ्यावर थांबणारं उत्तर अर्धं असतं. कोणताही देश निव्वळ दयेपोटी सैन्य हलवत नाही. त्यात लाजण्यासारखं काही नाही. फक्त ते स्वतःपाशी कबूल असावं.

आता खाली सह्या कोणाच्या आहेत ते पाहा. भारताची आणि श्रीलंकेची. जो गट शस्त्रं खाली ठेवणार होता, त्याची सहीच नाही. लिट्टेचा नेता प्रभाकरन याला दिल्लीत आणून अशोका हॉटेलात ठेवलं, गळ घातली, त्याने नाइलाजाने मान डोलावली. परत गेल्यावर ४ ऑगस्टला सुदुमलैच्या सभेत त्याने लोकांना सांगितलं की भारतासारख्या बड्या सत्तेच्या दबावामुळे आम्ही हे स्वीकारतोय. म्हणजे हमी घेणारे आपण, आणि ज्याच्याबद्दल हमी घेतली तो म्हणतोय, मी मनापासून तयार नाही.

दुसऱ्या बाजूचंही तेच. खुद्द पंतप्रधान रणसिंगे प्रेमदासा कराराच्या विरोधात होते. सही झाल्याच्या दुसऱ्या दिवशी मानवंदना घेताना एका श्रीलंकन नौसैनिकाने राजीव गांधींवर बंदुकीचा दस्ता उगारला. ते वेळीच झुकले, म्हणून खांद्यावर निभावलं. तो फोटो तेव्हा जगभर छापला गेला. यजमानांच्या मनात काय आहे ते समजायला त्यापेक्षा उघड खूण कोणती हवी होती?

तरी सैन्य गेलं. शांतिसेना, आयपीकेएफ. जयवर्धने मात्र पक्के मुरलेले. उत्तर भारताच्या अंगावर टाकून त्यांनी आपलं सैन्य दक्षिणेत हलवलं, कारण तिथे कराराच्या विरोधात जेव्हीपी या डाव्या सिंहली संघटनेचा उठाव पेटला होता. यावर आमच्यातल्या मुलीने वहीत एवढंच लिहिलं : 'आपण त्यांना रजा मिळवून दिली.' मी त्या वाक्याला मार्क देऊन मोकळा झालो.

बिस्किटांचं जाफना

इथे काका बोलायला लागले. त्यांनी बिस्किटांचा पुडा फोडून टेबलावर घरं मांडली, मधे बोटभर वाटा ठेवल्या. "अशा गल्ल्या. दोन्ही बाजूंना ताडाच्या झावळ्यांची कुंपणं, माणसापेक्षा उंच. कुंपणाच्या पलीकडे काय आहे ते दिसायचंच नाही." ऑगस्टमध्ये ते पोचले तेव्हा लोक हार घेऊन उभे होते. एका दुकानातली बाई चहाबरोबर केळं द्यायची आणि पैसे घेऊ म्हणायची नाही. त्यांच्या तुकडीकडे तोफा होत्या, पण पुढे त्या मागेच राहिल्या. वस्तीत तोफ डागायला मनाई, म्हणून तोपची लोकही पायदळासारखे गस्त घालायचे. काका म्हणाले, "आम्हाला सांगितलं होतं, शस्त्रं जमा करून घ्यायची. पावती फाडायची. बस."

सप्टेंबरात चित्र पालटलं. लिट्टेचा तरुण कार्यकर्ता तिलीपन याने नल्लूरच्या देवळाशेजारी पाण्याशिवाय उपोषण केलं आणि २६ सप्टेंबरला तो गेला. जाफन्याचे लोक आपल्यावर रुसले ते तिथून. ऑक्टोबरच्या सुरुवातीला श्रीलंकेच्या नौदलाने लिट्टेचे काही लोक समुद्रात पकडले. त्यांना कोलंबोला न्यायचं ठरलं. भारत ते थांबवू शकला नाही. ५ ऑक्टोबरला पलालीच्या तळावर त्यांनी सायनाइड खाल्लं, बारा जण मेले. लिट्टेने करार मोडल्याचं जाहीर केलं, पूर्वेत सिंहली लोकांच्या कत्तली झाल्या. १० ऑक्टोबरला भारतीय सैन्याला जाफना ताब्यात घ्यायचा हुकूम सुटला.

पावती फाडणारं सैन्य आता शहर जिंकणार होतं. माणसं तीच, आणि पत्राच्या भाषेत कामही तेच 'शांती'चं. ११ ऑक्टोबरच्या रात्री जाफना विद्यापीठाच्या मैदानावर हेलिकॉप्टरने जवान उतरवले. तिथे लिट्टेचं नेतृत्व आहे अशी खबर होती. खबर तिकडेही पोचली होती, त्यांनी आपला वायरलेस ऐकला होता. शीख लाइट इन्फंट्रीचे ३० जवान उतरले, पुढची हेलिकॉप्टरं गोळीबारामुळे येऊ शकली नाहीत. ३० पैकी २९ मारले गेले, एक पकडला गेला.

शहर सुमारे दोन आठवड्यांत हाती आलं. त्या दिवसांत जाफन्याच्या सरकारी दवाखान्यात डॉक्टर, नर्सेस आणि रुग्ण मारले गेले. त्याचा आरोप आपल्याच सैन्यावर आहे आणि जाफन्याचे लोक तो आजही विसरलेले नाहीत. मी हे वाचून दाखवलं तेव्हा काकांनी एक घर सरळ करून ठेवलं आणि काही बोलले नाहीत. थोड्या वेळाने म्हणाले, "त्या दुकानाचं शटर नंतर कधी पूर्ण उघडलेलं मी पाहिलं नाही."

२५ नोव्हेंबरला महार रेजिमेंटचे मेजर रामस्वामी परमेश्वरन घेरले गेले, छातीत गोळी लागलेली असतानाही झुंजले आणि धारातीर्थी पडले. त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं. ते मूळ मुंबईचे. दोन मुलांना हे नाव पहिल्यांदाच ऐकू येत होतं. त्यात त्यांचा दोष नाही. ज्या लढाईबद्दल देशाला धड अभिमान वाटत नाही आणि धड पश्चात्तापही होत नाही, तिचे वीर पाठ्यपुस्तकात मागच्या बाकावर बसतात.

निघायचं कसं

सैन्य वाढत गेलं, सत्तर-ऐंशी हजारांच्या घरात पोचलं. १९८८ मध्ये उत्तर-पूर्व प्रांताच्या निवडणुका झाल्या, वरदराज पेरुमल मुख्यमंत्री झाले. पण आपल्या संगिनींच्या आधाराने उभं राहिलेलं सरकार आपण हललो की पडणार हे सगळ्यांना दिसत होतं. त्याच वर्षाच्या अखेरीस प्रेमदासा राष्ट्राध्यक्षपदी निवडून आले. १९८९ च्या जूनमध्ये त्यांनी जाहीर मागणी केली : करार झाला त्याच तारखेला, २९ जुलैपर्यंत, भारताने चालतं व्हावं. एवढंच नाही, तर भारतीय सैन्याशी लढायला त्यांच्या सरकारने लिट्टेला शस्त्रं पुरवली. ज्या दोघांची भांडणं सोडवायला गेलो, ते दोघं आपल्याविरुद्ध एक झाले. दिंडोरीच्या मुलाने माझ्याकडे 'मी म्हटलं होतं ना' अशा नजरेने पाहिलं. बरोबर होतं त्याचं.

डिसेंबरात दिल्लीत व्ही. पी. सिंग यांचं सरकार आलं आणि २४ मार्च १९९० ला शेवटची तुकडी त्रिंकोमालीहून निघाली. सुमारे १२०० जवान गेले. पुढच्याच वर्षी, २१ मे १९९१ ला, श्रीपेरुम्बुदूरला लिट्टेने राजीव गांधींचा खून केला. १ मे १९९३ ला कोलंबोत प्रेमदासाही लिट्टेच्याच बॉम्बने गेले.

मग भारताला सैन्य पाठवणं जमतच नाही का? एका मुलाने बरोबर मुद्दा काढला : मालदीव. जाफन्यात सैन्य अडकलेलं असतानाच ३ नोव्हेंबर १९८८ ला मालेमध्ये भाडोत्री सैनिकांनी बंड केलं. राष्ट्राध्यक्ष गयूम यांनी मदत मागितली आणि आग्र्याहून उडालेले पॅराट्रूपर त्याच रात्री हुलुले विमानतळावर उतरले. बंडखोर जहाज पळवून निघाले, तर त्यांना समुद्रात गाठणाऱ्या युद्धनौकांपैकी एकीचं नाव आयएनएस गोदावरी. हे ऐकून नाशिककर टेबलाला उगाच ऊर भरून आला. काम फत्ते, बहुतेक सैन्य लवकरच घरी.

फरक मी फळ्यावर लिहिला नाही, काकांनीच सांगितला. नाशिकच्या तालमीत ते तरुणपणी कुस्ती खेळलेले. "मालदीवला आपण एका बाजूने लढायला गेलो, पैलवान म्हणून. लंकेत पंच म्हणून गेलो. पंचाने शिट्टी वाजवायची. त्याने लंगोट लावला की दोन्ही पैलवान आधी त्यालाच पाडतात." १९७१ शी ताडून पाहिलं तरी हेच दिसतं. तेव्हा सुमारे एक कोटी निर्वासित येऊनही भारत मार्चपासून डिसेंबरपर्यंत थांबला, ऑगस्टमध्ये सोव्हिएत रशियाशी करार करून पाठ भक्कम केली, मुक्तिवाहिनी नावाची एक बाजू होती आणि आपण तिच्या बाजूचे आहोत हे उघड होतं. आणि मार्च १९७२ मध्ये ढाक्यात निरोपाचं संचलन झालंसुद्धा. युद्ध संपल्यावर तीन महिन्यांत.

कडी लावून बसल्यावर

इथे मी मुलांना थोडं डिवचलं. मध्ये पडण्याची किंमत कळली. आता न पडण्याची मोजा. कारण १९९१ नंतर दिल्लीने खरोखरच कडी लावली. एप्रिल २००० मध्ये जाफन्याच्या वाटेवरचा एलिफंट पासचा लष्करी तळ लिट्टेकडे गेला, जाफन्यात श्रीलंकेचे हजारो सैनिक अडकले, कोलंबोने मदत मागितली. भारताने सैन्य पाठवायला नकार दिला. २००२ ची शस्त्रसंधी नॉर्वेने घडवली. शेजारचं भांडण, आणि मध्यस्थ ओस्लोचा! लिट्टेला संपवणाऱ्या २००९ च्या शेवटच्या लढाईत श्रीलंकेला शस्त्रं चीन-पाकिस्तानकडून मोठ्या प्रमाणावर मिळाली आणि हजारो तमिळ नागरिक मारले गेले. आपण रडारसारखी 'बचावात्मक' मदत करत होतो. हंबनटोटा बंदर २०१७ मध्ये ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्यावर चिनी कंपनीकडे गेलं. ज्या त्रिंकोमालीसाठी आपण पत्रं लिहून घेतली होती, तिथल्या टाक्यांचा करार धड मार्गी लागायला २०२२ चा जानेवारी उजाडला.

तेव्हा अलिप्त राहणं म्हणजे हात स्वच्छ, असंही नाही. फक्त डाग उशिरा दिसतात.

२०२२ ला श्रीलंकेचे डॉलर संपले. पेट्रोलसाठी रांगा, औषधं नाहीत, एप्रिलमध्ये परकीय कर्ज फेडणं थांबवलं, जुलैत लोक राष्ट्राध्यक्षांच्या बंगल्यात घुसले आणि गोटाबाया राजपक्षे देश सोडून गेले. भारत सैन्य पाठवणार अशा अफवा उठल्या. कोलंबोतल्या भारतीय उच्चायुक्तालयाने त्या साफ नाकारल्या. सैन्याऐवजी गेलं ते इंधन, औषधं, अन्नधान्यासाठी उधारी, चलनाची अदलाबदल, फेडीला मुदत : त्या वर्षी सगळं मिळून ४०० कोटी डॉलरच्या आसपास. जानेवारी २०२३ मध्ये नाणेनिधीला लागणारं कर्ज-पुनर्रचनेचं आश्वासन पहिल्यांदा भारताने दिलं, चीनच्या आधी. बंडखोरांना शिकवणी नाही, कोणाच्या राजवाड्याला पहारा नाही. पण 'आम्ही इथे आहोत' हे आयपीकेएफच्या ऐंशी हजार बुटांपेक्षा जास्त ठळक दिसलं, असं मला वाटतं. काकांना ते पूर्ण पटलं नाही. "पैसे देणं सोपं असतं हो. वाघ असते तेव्हा काय केलं असतंत?" याला माझ्याकडे चांगलं उत्तर नव्हतं. २०२२ सोपं झालं ते २००९ झाल्यामुळे, आणि २००९ चा रक्तपात आपण दुरून पाहिला, हे त्यात येतंच.

शेवटी मी हात वर करायला लावले : २९ जुलैला तुम्ही दिल्लीत असता, तर सही केली असती का? सहा जणांनी करार हो, सैन्य नाही असं मत दिलं. दोघांनी दोन्ही हो म्हटलं, पण लिट्टेची लेखी सही आणि परतीची तारीख आधी मागितली असती असं सांगितलं. मीही त्याच बाजूचा. दिंडोरीकर तटस्थ.

निफाडचा एक मुलगा तोवर काहीच बोलला नव्हता. त्याच्या घरचा कांद्याचा व्यापार, लासलगावहून माल कोलंबोला जातो. सतरंजी गुंडाळताना त्याने सांगितलं की २०२२ च्या उन्हाळ्यात तिकडच्या खरेदीदाराकडे वडिलांचे चार कंटेनरचे पैसे अडकले होते; बँकेत डॉलरच नव्हते. आजूबाजूच्या व्यापाऱ्यांनी तिकडे माल पाठवणं बंद केलं. वडिलांनी बंद केलं नाही, चारऐवजी एक पाठवत राहिले, तोही निम्मे पैसे आगाऊ घेऊन. जुनी बाकी तुकड्यातुकड्याने वसूल व्हायला दीड वर्ष लागलं. काकांनी त्याला विचारलं, सध्या तिकडे भाव काय चाललाय, आणि दोघं बोलत बोलत जिना उतरले. टेबलावरचं जाफना मी आवरलं.